सेफ्टी रेझर आणि ब्लेड : कोणत्या दाढीला काय चालतं, आणि वऱ्हाडात पाणी मधे का येतं?

अमरावती-अकोल्यात पावसाळा लागला की कुलर आवरून ठेवायची वेळ येते. जाळी उघडली की आतल्या वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा, कडक थर बसलेला दिसतो. हाताने चोळला तर त्याचा भुगा पडतो. हे पाण्यातले क्षार. त्याच पाण्याचा मग घेऊन रोज सकाळी हजारो लोक दाढी करायला बसतात आणि गाल जळला की दोष ब्लेडला देतात.

मग ब्लेड बदलून बघतात, तीन पात्यांचा रेझर आणतात, पुढे पाच पात्यांचा. पैसे वाढत जातात, जळजळ तिथेच राहते. खरं तर चांगली दाढी चार गोष्टींवर ठरते: तुमचा केस, तुमची त्वचा, रेझरची रचना आणि ब्लेडची धार. वऱ्हाडात यात पाचवी गोष्ट येते, ती म्हणजे पाणी. सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण पाणी बिघडलेलं असेल तर बाकीच्या चारही गोष्टींची परीक्षा नीट होत नाही.

आधी पाणी बघा

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. त्याला सगळे खारपाणपट्टा म्हणतात. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतली बरीच गावं त्यात येतात. इथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट आहे. पिकाला चालत नाही, प्यायला चालत नाही, त्यात डाळ लवकर शिजत नाही. फेसाचंही तेच होतं.

शाळेत ‘दुष्फेन पाणी’ शिकवलं होतं ते हेच. साबण म्हणजे तेल-चरबीतल्या आम्लांचे सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की साबण त्यांच्याशी जोडला जातो आणि न विरघळणारी चिकट साय तयार होते. बादलीच्या कडेला जो राखाडी थर बसतो, तीच ही साय. म्हणजे ब्रशवर घेतलेल्या क्रीममधला बराचसा साबण फेस होण्याआधीच खर्ची पडतो. उरलेला फेस पातळ असतो आणि गालावर लगेच वाळतो. मग ब्लेड आणि कातडीच्या मधे घसरायला काही उरत नाही. खारट पाण्यातलं साधं मीठसुद्धा फेस बसवतं, त्यामुळे खारपाणपट्ट्यात दुहेरी मार आहे.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं पाणी मिळतं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. धरणाचं पाणी बोअरपेक्षा सहसा मऊ असतं. पण अकोल्यात नळ रोज येत नाही आणि दोन्ही शहरांच्या कित्येक कॉलन्यांमध्ये वापराचं पाणी बोअरचंच असतं. म्हणून गावाकडे गेल्यावर गाल जळतो आणि शहरातल्या खोलीवर तोच ब्लेड बरा चालतो, असा अनुभव भरतीची तयारी करणाऱ्या अनेक मुलांना येऊ शकतो.

घरी तपासायचं असेल तर एक सोपी पद्धत आहे. प्लास्टिकची बाटली अर्धी पाण्याने भरा, अंगाच्या साबणाचा छोटा कीस टाका आणि जोरात हलवा. वर फेस उभा राहिला आणि खाली पाणी बऱ्यापैकी नितळ दिसलं, तर पाणी मऊ. फेस नावालाच आणि पाणी दुधाळ, तर जड. यासाठी शॅम्पू किंवा कपड्यांची पावडर वापरू नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो.

उपाय स्वस्त आहे. दाढीचा फेस करायला अर्धी वाटी पाणीही लागत नाही. तेवढं आरओच्या कॅनमधून घ्या. पावसाळ्यात पागोळीचं स्वच्छ पाणी साठवलं तरी चालेल. तोंड धुवायला आणि रेझर खळबळायला नेहमीचंच पाणी वापरा. पाणी उकळून फार फरक पडत नाही. उकळल्याने बायकार्बोनेटचे क्षार खाली बसतात; क्लोराइड आणि सल्फेटचे तसेच राहतात. कोमट पाण्याचा फायदा वेगळा आहे, तो केस मऊ करायला.

आता दाढी ओळखा

‘माझी दाढी कडक आहे’ असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो. कडक म्हणजे केस जाड आहे, की दाट आहे, की फक्त कोरडा आहे? तीन दिवस दाढी वाढू द्या आणि उजेडात आरशासमोर बसा. बोटं गालावरून खाली, मग वर, मग कानाकडे फिरवा. ज्या दिशेने हात सुळकन जातो ती केसांची सुलट दिशा. ज्या दिशेने खरखर लागते ती उलट. गालावर केस बहुधा खाली वळलेले असतात. गळ्यावर मात्र भलताच कारभार असतो: कुठे आडवे, कुठे खालून वर, कुठे भोवरा. बहुतेकांना कापतं आणि पुरळ येतं ते गळ्यावरच, कारण हात गालाच्या सवयीने फिरतो.

शिवाय दाढी किती दिवसांची आहे, हेही बघावं लागतं. अमरावतीच्या राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक ९ मधल्या जवानाला रोज गुळगुळीत चेहरा लागतो. शेतकरी आठवडी बाजाराच्या दिवशी एकदाच दाढी करतो. मंगळवार-शनिवार पाळणारी घरं आहेत. श्रावण पाळणारे तर थेट पोळा झाल्यावरच वस्तरा लावतात. या चौघांना एकच रेझर सुचवणं चूक आहे.

रेझर : सौम्य आणि आक्रमक म्हणजे काय?

किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन विक्रेत्याला पातळ, वापरून फेकायच्या पात्याच्या रेझरचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी, विक्री सुरू झाली तेव्हा, त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने सैनिकांना रेझर वाटले आणि घरी दाढी करायची सवय लागली. तेव्हाचा आकार आजही जवळपास तोच आहे, त्यामुळे कोणत्याही कंपनीचा दुधारी ब्लेड कोणत्याही दुधारी रेझरमध्ये बसतो. ब्लेडचे प्रयोग स्वस्तात करता येतात ते यामुळेच.

रेझरचं डोकं ब्लेडला वाकवून धरतं. ब्लेडची धार आणि खालची पट्टी यांच्यात जी फट असते, ती जितकी मोठी तितका रेझर आक्रमक. धार डोक्याच्या बाहेर किती डोकावते यावरही ते अवलंबून असतं. सौम्य रेझरमध्ये धार थोडीच उघडी असते. चूक झाली तरी माफ होते, पण दाट दाढीत दोनदा-तीनदा फिरवावा लागतो. आक्रमक रेझर एका हातात साफ करतो, पण हात हलका हवा. मर्कुर ३४सी हा मध्यम म्हणून ओळखला जातो, म्यूलेचा आर८९ सौम्य आणि त्याच कंपनीचा आर४१ चांगलाच आक्रमक. हे तिन्ही जर्मन आणि महाग आहेत. नावं दिली ती अंदाज यावा म्हणून. भारतात तयार होणारे पार्करचे रेझर ऑनलाइन सहज मिळतात. किराणा-जनरल स्टोअरमध्ये टांगलेला साधा रेझरही बहुतेक वेळा सौम्य गटातलाच असतो आणि शिकायला पुरतो.

खालच्या पट्टीचे दोन प्रकार आहेत. एक सरळ, बंद पट्टी. दुसरी कंगव्यासारखी दातेरी. तीन-चार दिवसांहून जास्त वाढलेली दाढी असेल तर दातेरी पट्टी बरी, कारण लांब केस दातांमधून धारेपर्यंत पोचतात आणि फेसही पुसला जात नाही. श्रावणाची दाढी मात्र आधी कात्रीने किंवा ट्रिमरने उतरवा, मगच रेझर. महिन्याच्या दाढीवर थेट रेझर चालवणं म्हणजे तुराट्या उपटण्यासारखं आहे.

खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांसाठी एक खास मुद्दा आहे. मूठ फिरवली की वरची दोन पाखं उघडतात, तो फुलपाखरू रेझर दिसायला झकास आणि ब्लेड बदलायला सोपा. पण त्याच्या सांध्यात क्षार साचतात आणि काही महिन्यांत तो करकरायला लागतो. तीन भाग सुटे होणारा साधा रेझर जुन्या टूथब्रशने मिनिटभरात साफ होतो. स्वस्त रेझरचं डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. वरचा मुलामा उडाला की खारं पाणी आतला धातू खातं. ऐपत असेल तर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या. नसेल तर वापर झाल्यावर रेझर कोरडा करून ठेवा, तेवढ्यानेही त्याचं आयुष्य वाढतं.

पाण्यावरून एक किस्सा इथे सांगायलाच हवा. जिलेटने भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला, तेव्हा त्याची चाचणी अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. त्यांना तो आवडला. भारतात मात्र लोक नळ सोडून दाढी करत नाहीत, मगभर पाण्यात रेझर बुडवतात. पात्यांमध्ये केस अडकून बसायला लागले. पुढे कंपनीची माणसं भारतातल्या घरांमध्ये जाऊन लोक दाढी कशी करतात ते बघून आली आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा, खळबळायला सोपा ‘गार्ड’ बाजारात आला. सुरुवातीची किंमत १५ रुपये होती. जिथे नळ चार दिवसांनी येतो तिथे हा मुद्दा अजून लागू आहे. दुधारी रेझरमध्ये एकच पातं आणि दोन्ही बाजू मोकळ्या, त्यामुळे मगात दोनदा आपटला की साफ.

ब्लेड : इथेच सगळे फसतात

टोपाझ, पनामा, लेझर ही नावं आजोबांच्या आठवणीतली. सेव्हन ओक्लॉक, विल्किन्सन स्वोर्ड आणि सुपरमॅक्स ही पुढच्या पिढीची. सुपरमॅक्स तर आपल्याच राज्यातलं. त्यांचा कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये होता. बाहेरच्यांपैकी जपानचं फेदर सर्वात धारदार म्हणून प्रसिद्ध आहे, तुर्कस्तानचं डर्बी मवाळ म्हणून.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्डचं स्टेनलेस ब्लेड गाजलं. त्याआधीची कार्बन पोलादाची पाती लवकर गंजत. आजच्या ब्लेडच्या धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा आणि वरून टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो. धातूचा लेप धार टिकवतो, वरचा लेप घसरण देतो. पाकिटावरचं ‘प्लॅटिनम’ म्हणजे एवढंच. धार किती आहे हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं, ते गालावरच कळतं.

आता फसगत कुठे होते ते बघू. त्वचा नाजूक असलेला माणूस विचार करतो की आपल्याला कमी धारेचं ब्लेड बरं. त्याची दाढी विरळ असेल तर ठीक. पण केस जाड असेल तर कमी धारेचं पातं तो कापण्याआधी ओढतं. ओढलं की वेदना होते, वेदना झाली की हात दाबतो, दाबलं की कातडी सोलली जाते. अशा माणसाला उलट जोडी हवी: ब्लेड धारदार, रेझर सौम्य. धार केसाचं काम करते आणि रेझर कातडीला वाचवतो.

पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असतं, तरी ब्लेड बोथट होतंच. कसं, हे एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसलं की धार सरसकट झिजत नाही, तिच्या बारीक कपच्या उडतात. आणि त्या जास्त करून उडतात तिथे, जिथे केस मोकळा असतो आणि कापताना वाकतो. त्यामुळे खुंट जितका मोठा आणि कडक, तितकं ब्लेड लवकर जाणार हे गृहीत धरा. दाट दाढीला एक ब्लेड दोन-तीन दाढ्या, मध्यमला चार-पाच, विरळला त्याहून थोडं जास्त. ब्लेड ओढायला लागलं की त्याच दिवशी बदला. दोन-चार रुपयांसाठी गाल पणाला लावू नये.

मग जोडी कशी जमवायची?

दाट आणि जाड दाढीचा विषय आधी, कारण वऱ्हाडात तक्रार बहुतेक वेळा तिचीच असते. अंघोळीनंतर दाढी करा, किंवा दोन-तीन मिनिटं ओला टॉवेल गालावर धरा. पाणी प्यायलेला केस फुगतो आणि सहज कापला जातो. मध्यम रेझर, धारदार ब्लेड. पहिला हात सुलट, मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. बहुतेकांना एवढं पुरतं. उलट हात फक्त गालावर, तोही त्वचा साथ देत असेल तर.

कोवळ्या, विरळ दाढीच्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांना सौम्य रेझर आणि कोणतंही मध्यम धारेचं देशी ब्लेड चालतं. त्यांची अडचण वेगळीच असते: मुरुमं. मुरुमावरून पातं नेलं की तो फुटतो आणि संसर्ग पसरतो. अशा दिवसांत त्या भागाला वळसा घाला किंवा ट्रिमरवर भागवा. ‘वस्तरा लावला की दाढी दाट येते’ हा समज मात्र सोडून द्या. कापलेल्या केसाचं टोक सपाट होतं, म्हणून तो जाड भासतो. मुळं तेवढीच राहतात.

कुरळ्या केसांची गोष्ट सर्वात नाजूक. कापलेला कुरळा केस वळून परत कातडीत घुसतो आणि तिथे लाल, दुखरी गाठ येते. डॉक्टर याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. इथे जास्त पात्यांचा रेझर त्रास वाढवू शकतो: पहिलं पातं केस उचलतं, मागचं त्याला कातडीच्या खालून कापतं आणि तो वाढताना आतच फसतो. एका पात्याचा सौम्य रेझर, फक्त सुलट हात, कातडी न ताणता. अगदी तुळतुळीत करायचा हट्ट सोडावा लागतो. गाठी सुईने कोरू नका. पू किंवा काळे डाग होत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

पिकलेल्या दाढीचा केस बऱ्याच जणांना ताठ, तारेसारखा लागतो आणि त्याच वयात कातडी सैल होते. सौम्य रेझर, धारदार ब्लेड, दुसऱ्या हाताने कातडी हलकी ताणून छोटे छोटे हात. बाबांच्या जुन्या रेझरला नवं ब्लेड घालून दिलं तरी निम्मी तक्रार मिटते.

रोज दाढी करणाऱ्यांनी सौम्य रेझर घ्यावा, एकच सुलट हात फिरवावा. चोवीस तासांत केस अर्धा मिलिमीटरही वाढत नाही, त्याच्यासाठी तीन हात कशाला?

कोणतीही जोडी असो, रेझर गालाला साधारण ३० अंशांत धरा आणि दाबू नका. रेझरचं वजनच पुरे. कार्ट्रिजची सवय असलेल्यांना पहिल्या आठवड्यात कापतं ते दाबण्यामुळे. आणि प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी फेसाचं पाणी, मग ब्लेड, रेझर सर्वात शेवटी. चार-पाच कंपन्यांची एकेक पुडी आणा, प्रत्येकीतलं एक ब्लेड तीन दाढ्या वापरा. पहिल्याच दाढीला निकाल लावू नका.

दाढी झाल्यावर तुरटी फिरवायची पद्धत जुनी आहे आणि योग्यही. तुरटीने कातडी आवळते, बारीक रक्त थांबतं. जिथे जास्त झोंबेल तिथे समजा की तुम्ही जास्त दाबलंत. मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, दाढी करून लगेच उन्हात निघू नका. सोललेल्या कातडीवर घाम उतरला की दिवसभर आग होते.

सलूनमध्ये काय बघायचं?

सलूनच्या वस्तऱ्यात बहुधा हेच दुधारी ब्लेड असतं, कागदातच मधोमध मोडून अर्धं लावलेलं. ते अर्धं पातं प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं असायला हवं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी हे तिन्ही रक्तातून पसरतात आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून डोळ्यांसमोर ब्लेड मोडायला सांगा. त्यात कारागिराला वाईट वाटण्यासारखं काही नाही, बहुतेक जण स्वतःच दाखवून लावतात. सगळ्यांच्या गालांवर फिरलेल्या तुरटीच्या वडीकडे मात्र कोणी बघत नाही. तीही नको म्हणा. स्वतःचा खडा खिशात नेला तरी चालतो. घरातही भावा-भावांनी एक रेझर वापरला तरी ब्लेड वेगळंच हवं.

वापरलेलं ब्लेड कुठे जातं?

बहुतेक घरांतून ते कागदात गुंडाळून कचऱ्यात जातं आणि घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्याच्या हाताला लागतं. एक रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी फट पाडा आणि झाकण चिकटपट्टीने बंद करा. दुधारी ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे लहान डबाही वर्षानुवर्षं भरत नाही. भरला की फट बंद करा, वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि घंटागाडीवाल्या दादांच्या हातात सांगून द्या.